पाच वर्षं भरत आली; जळगावची नोकरी धरू की सोडू?

कांदेबाग (धागाकर्ता) | ११ जानेवारी

वय ३६, बी.कॉम. जळगाव एमआयडीसीतल्या एका पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात डिस्पॅच आणि स्टोअर बघतो. त्याआधी पाच वर्षं नाशिकला अंबडमध्ये होतो, पोरगा झाल्यावर इकडे आलो. हातात २३,५०० पडतात, बेसिक १६,०००. येत्या १० एप्रिलला इथे पाच वर्षं होतील.

नोकरी वाईट आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे. पगार सात तारखेला होतो. पीएफ कापतात आणि भरतातही. शेठ शिव्या देत नाहीत. पण मी जिथे होतो तिथेच आहे. चलन, ई-वे बिल (माल वाहून न्यायला लागणारा ऑनलाइन कागद), गाडी लावा, हमाल शोधा, ट्रान्सपोर्टवाल्याशी भाड्यावरून हुज्जत. गाडी रात्री घाटात बंद पडली की ड्रायव्हर मलाच उठवतो, कारण ई-वे बिलाची मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच ती वाढवता येते. फेब्रुवारी ते जून पाइपाचा सीझन, त्यात रविवार विसरायचा. मध्यंतरी डिस्पॅच मॅनेजरची जागा निघाली, ती शेठच्या भाच्याला गेली. पोरगा चांगला आहे. त्याला काम मी शिकवलं आणि आता रजा त्याच्याकडे मागतो. पगारवाढीचं काढलं की उत्तर ठरलेलं, 'दिवाळी होऊ द्या'. दिवाळ्या होतात.

आता मेहुण्याच्या ओळखीने चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बोलणं झालंय. ३६,००० सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च), पद सीनिअर एक्झिक्युटिव्ह, लॉजिस्टिक्स. फेब्रुवारीत हजर व्हा म्हणतात. बायको इथे खाजगी शाळेत शिकवते, तिला ९,००० मिळतात. मुलगा तिसरीत. आईवडील यावल तालुक्यात गावी, साडेतीन एकर केळी, वडिलांचे गुडघे गेलेत. पिंप्राळ्याच्या फ्लॅटचा हप्ता ७,४००.

जाऊ का? 'मनाचं ऐक' सोडून काहीही सांगा.

सरळसोट | ११ जानेवारी

जा. ३६ व्या वर्षी बोलावतात, ४२ व्या वर्षी बायोडेटा उघडूनही बघत नाहीत.

जिभाऊ_धुळेकर | ११ जानेवारी

भाऊ, तुन्हं डोकं तापेल शे. आधी थंड व्हय, मंग राजीनामा लिख.

आता मराठीत सांगतो. भाच्याला जागा मिळाली नसती तर हा धागा निघाला असता का? राग कामाचा आहे, पैशाचा आहे की त्या खुर्चीचा, एवढं आधी ठरव. खुर्चीचा असेल तर चाकणलाही कोणाचा तरी भाचा असणारच. फक्त तिथे तो तुला ओळखीचा नसेल.

स्पर्धावीर | ११ जानेवारी

एमपीएससीचा विचार केला का? एकदा लागलं की आयुष्यभराची चिंता मिटली.

सरळसोट | ११ जानेवारी

खुल्या वर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ आहे आणि तो ३६ चा आहे. घरात पोरगं, हप्ता आणि साडेतीन एकर केळी. कुठल्या अभ्यासिकेत बसवताय त्याला?

हिशेबनीस_भुसावळ | ११ जानेवारी, रात्री

मी लहान कारखान्यांचे पगारपत्रक, पीएफ, ईएसआय असं काम बघतो. मनाचं काही सांगत नाही, आकडे सांगतो.

आधी सीटीसी. ३६,००० मध्ये कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीची तरतूदही, कुठे कुठे बोनस आणि विम्याचा हप्तासुद्धा. १५,००० च्या मर्यादेवर पीएफ भरत असतील तर कंपनीचे १,८०० तिथेच गेले, ग्रॅच्युइटीचे आठशे-नऊशे गेले. राहिलेल्यातून तुझे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जाणार. हातात ३१,००० च्या आसपास पडतील असं धर. ऑफर लेटर येण्याआधी फाटाफोड मागून घे. 'सीटीसी' हा शब्द ऐकून घर सोडायचं नाही.

आता ग्रॅच्युइटी. नियम पाच वर्षं सलग नोकरीचा आहे आणि तू तीन महिन्यांवर आला आहेस. हिशेब असा: शेवटचं बेसिक अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुझ्या १६,००० वर पाच वर्षांचे सुमारे ४६,००० होतात. चार वर्षं २४० दिवसांवर ग्रॅच्युइटी मिळते असं कोणीतरी इथे लिहीलच. काही न्यायालयांनी तसं मान्य केलंय, हे खरं. पण मालक तोंडी 'हो' म्हणून देत नाहीत, भांडावं लागतं. तीन महिन्यांसाठी कशाला? नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे ती ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवाल्यांना. तू कायम असशील तर पाचच वर्षं.

तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. नाशिकचा पीएफ काढलास, इकडे वळवलास, की तिथेच पडून आहे?

कांदेबाग | १२ जानेवारी

जिभाऊ, रात्रभर तेच डोक्यात होतं. खुर्चीचा राग आहे, नाही म्हणत नाही. पण खुर्ची मिळाली असती तरी रात्रीचे फोन तेच राहिले असते.

हिशेबनीस, नाशिकचा पीएफ पडून आहे. तिथली ग्रॅच्युइटी मिळाली होती, ती फ्लॅटमध्ये गेली. नोकरी बदलताना पीएफही काढून टाकावा म्हणतो, हप्त्याचा भार हलका होईल.

हिशेबनीस_भुसावळ | १२ जानेवारी

काढू नकोस! तुझा कंपनीवाला जो १२ टक्के भरतो त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. नाशिकची पाच आणि इथली पाच जोडली की तू त्या उंबरठ्यावर आहेस. पेन्शनचे पैसे काढून घेतलेस की नाशिकची वर्षं पुसली गेली, पुन्हा शून्यापासून. दहा भरल्यावर ५८ व्या वर्षी पूर्ण पेन्शन सुरू होते, पन्नाशीनंतर घेतली तर दरवर्षी कपात होऊन. रक्कम फार मोठी नसते, खोटं कशाला सांगू. पण तुझ्या पश्चात बायकोलाही मिळते.

यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, एकच आहे का ते बघ. दोन असतील तर जुन्यातलं नव्यात वळव. नाशिकवाल्यांनी तुझी नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का, तेही पोर्टलवर तपास. नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटले की सभासदाला स्वतःला टाकता येते. तुझे तर कधीच उलटले.

चोपडा_ते_चाकण | १२ जानेवारी

मी चोपड्याचा, चाकण पट्ट्यातच नोकरी. वन बीएचकेचं भाडं ९,००० देतो, डिपॉझिट वेगळं, पाण्याच्या टँकरचे पैसे उन्हाळ्यात वेगळे. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतचा ट्रॅफिक काय चीज आहे ते एकदा संध्याकाळी येऊन बघा. पण मी परत येणार नाही, हेही लिहितो. मी इथे २२,००० वर लागलो आणि आज दुपटीच्या पुढे आहे. कारण एवढंच की तीन किलोमीटरच्या परिसरात माझ्या कामाच्या पन्नास कंपन्या आहेत. एका साहेबाशी पटलं नाही की दुसऱ्या गेटवर जायचं. जळगावला पाइप, चटई, डाळमिल, की संपलं. तिथे सगळे शेठ एकमेकांना फोन करतात.

कांदेबाग भाऊंनी पहिल्या वर्षाचा हिशेब करू नये. पहिलं वर्ष तोट्याचंच जातं. तिसऱ्या वर्षाचा करावा.

तापीकाठची | १२ जानेवारी

तिसऱ्या वर्षाचा करा, पण घराचा करा, एकट्याचा नको. आज घरात २३,५०० अधिक ९,००० म्हणजे ३२,५०० येतात, स्वतःच्या छताखाली. चाकणला ३१,००० येतील, त्यातून ९,००० भाडं गेलं की २२,००० उरले. पिंप्राळ्याचा फ्लॅट भाड्याने दिला तर हप्ता कसाबसा निघेल. वहिनींची नोकरी जाईल ती जाईलच. दादा, तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये वहिनी '९,०००' एवढ्याच आहेत. त्यांना काय वाटतं ते कुठे लिहिलंय?

मी धुळ्याची. एका पतसंस्थेत वसुलीला होते. काम अंगावर यायचं, दारात उभं राहून बायकांकडे हप्ते मागायचे. सगळे म्हणायचे, सोड. मी लगेच सोडली नाही. आधी मॅनेजरकडे लेखी अर्ज दिला की मला वसुली नको, कर्जाच्या फायली द्या. वर्षभर फायली केल्या, आणि त्याच अनुभवावर दुसरीकडे लागले. आज काम तेच कर्जाचं आहे, पण कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. तुम्ही शेठकडे कधी पगार सोडून दुसरं काही मागितलंय? रात्रीचे फोन पाळीपाळीने घ्यावेत, सीझनमध्ये रविवारचा भत्ता द्यावा, पदाचं नाव बदलून द्यावं. पगारवाढीला 'दिवाळी' हे उत्तर आहे. याला काय उत्तर देतात ते तरी कळेल.

उधना_लोकल | १२ जानेवारी

चाकणच कशाला, सुरत बघा. आमची निम्मी गल्ली लिंबायत आणि डिंडोलीत आहे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारवरून थेट गाडी, आखाजीला आणि कानबाईला घरी यायची सोय. कापड मार्केटला डिस्पॅचवाला माणूस कायम हवा असतो. फक्त एक आहे, पगार बऱ्याच ठिकाणी रोख आणि पीएफचं नाव काढायचं नाही. वरचं पेन्शनचं वाचल्यावर मी स्वतःच विचारात पडलोय.

मातीशी_नाळ | १३ जानेवारी

साडेतीन एकर केळी असलेला माणूस दुसऱ्याच्या गाड्या भरतोय! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जगभर मागणी आहे. गावी जा भाऊ, स्वतःचा मालक हो.

केळीवाला_रावेर | १३ जानेवारी

मानांकनाचा कागद घेऊन व्यापाऱ्याकडे गेलं की तो काय भाव देतो ते जरा बघून या.

साहेब, मी केळीच करतो. भाव एका हंगामात क्विंटलला दोन हजारांच्या वर आणि दुसऱ्या हंगामात हजाराच्या खाली, हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. बऱ्हाणपूरचा भाव मोबाइलवर आला की सकाळ कशी जाणार ते ठरतं. लावणीपासून घडापर्यंत वर्ष जातं, तोवर ठिबक, खत, बुंध्याचा आधार, मजुरी, सगळं खिशातून. सीएमव्ही हा विषाणूरोग आला तर रोपं उपटून फेका. मे महिन्यात ४५ अंशात पानं करपतात आणि जूनच्या आधीच्या एका वादळात बाग आडवी होते. विमा आहे, तो हवामानाच्या नोंदींवर मिळतो, तुमच्या शेतात काय पडलंय त्यावर नाही.

शेती करू नये असं म्हणत नाही, मी करतोच आहे. पण साडेतीन एकरांवर फ्लॅटचा हप्ता ठेवायचा असेल तर घरात एक पगार हवा. कांदेबाग, वडिलांनी आजवर बाग टिकवली ती कशाच्या जोरावर? तुझ्या नोकरीचा त्यात हात असेलच.

कांदेबाग | १३ जानेवारी

आहे. दरवर्षी खताच्या वेळी देतो. तरी बाग वडिलांचीच, माझं काम फक्त पैसे पाठवणं.

ताई, तुमचं लागलं. संध्याकाळी बसून बोललो. ती म्हणाली, चाकणला येईन, पण तिथे बी.एड.वाल्या किती असतील आणि मला नोकरी मिळेपर्यंत मी घरात काय करू, ते तू विचारलं नाहीस. मग म्हणाली, तुला जळगावचा कंटाळा नाही आला, तुला त्या फोनचा आलाय.

तासिकावाला | १३ जानेवारी

विषय थोडा सोडून लिहितो. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. नेट झालेलं आहे. समाधान विचाराल तर भरपूर, वर्गात गेलं की तास कधी संपतो कळत नाही. पगार तासावर, तोही महिनोन्महिने थकतो, उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. कायम व्हायचं तर संस्थाचालक जो आकडा सांगतात तो ऐकून माझ्या वडिलांनी विषयच बंद केला. सात तारखेला पगार होतो हे तुम्ही सहज लिहून गेलात. मी ते वाक्य दोनदा वाचलं.

जिभाऊ_धुळेकर | १३ जानेवारी

सर, तुमचा वेगळा धागा काढा. इथे आठ-दहा जण तरी तुमच्यासारखे निघतील.

बिबडी_आणि_वेफर्स | १४ जानेवारी

धंद्याचं कोणीच कसं काढलं नाही? केळीचे वेफर्स. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. पंतप्रधान रोजगार निर्मितीतूनही होतं, खुल्या वर्गाला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा.

पण खरं सांगते, अनुदान हे कर्जाला जोडलेलं असतं. आधी बँकेने 'हो' म्हणायला हवं, आणि बँक तुमच्या डोळ्यांतली चमक बघत नाही. आमचं युनिट उभं राहिलं ते नवऱ्याची नोकरी चालू होती म्हणून. वेफर्स तळणं सोपं आहे, दुकानदाराकडून पैसे काढणं हेच काम आहे. नोकरी सोडून याच्यात उडी मारू नका, नोकरी असताना मारा.

रीफर | १४ जानेवारी

सगळे पुणे-सुरत करताहेत म्हणून लिहितो. मी सावदा-रावेर पट्ट्यात एका केळी निर्यातीच्या पॅकहाऊसला आहे. शेतातून घड येतो, फण्या कापायच्या, धुवायच्या, तुरटीच्या पाण्यातून काढायच्या, १३ किलोच्या बॉक्सात भरून १३-१४ अंशाला थंड करायच्या आणि ४० फुटी रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर न्हावा शेवा बंदराला काढायचा. तिथून आखात. फळं पिकवणारे इथे ढिगाने आहेत, भरणाऱ्या मजूर टोळ्याही आहेत. नाही मिळत तो माणूस जो कंटेनरची वेळ, ट्रान्सपोर्ट, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचं), शिपिंग बिल आणि कंटेनरच्या वजनाचा कागद हे सगळं एका रांगेत लावू शकतो. मालक लोक केळीतले दर्दी असतात, पण कागद बघितला की हातपाय गाळतात. कांदेबाग भाऊ, तुम्ही ज्या कामाला कंटाळलात ते काम येणारा माणूस आमच्याकडे शोधून सापडत नाही.

ताज्या फळांना ई-वे बिल लागत नाही, तेवढी एक झोप जास्त मिळेल. कंटेनरचं यंत्र रात्री बंद पडलं की फोन येतोच, ते लपवत नाही. पगार तुमच्या आजच्यापेक्षा थोडा जास्त मिळेल, चाकणएवढा नाही. हवं तर निरोप पाठवा, आमच्या शेठशी आणि आणखी दोन ठिकाणी बोलतो.

चोपडा_ते_चाकण | १४ जानेवारी

पुन्हा शेठच. पॅकहाऊसला मॅनेजर झालात तरी पुढे काय? कंपनीचं नाव बायोडेटावर चालतं, पॅकहाऊसचं चालत नाही. पाच वर्षांनी हाच धागा पुन्हा काढाल.

रीफर | १४ जानेवारी

निर्यातीचे कागद येणारा माणूस द्राक्षात नाशिकला चालतो, डाळिंबात चालतो, बंदरावर चालतो. गाड्यांचे सुटे भाग मोजणारा कुठे चालतो ते तुम्ही सांगा.

चोपडा_ते_चाकण | १४ जानेवारी

पन्नास कंपन्यांत. वर लिहिलंय.

कांदेबाग | २ फेब्रुवारी

मध्ये आलो नाही, सीझन सुरू झालाय. काय झालं ते लिहितो.

चाकणवाल्यांना फाटाफोड मागितली. हिशेबनीस म्हणाले तसंच, हातात ३०,८०० निघाले. एप्रिलच्या मध्यात येतो म्हटलं तर त्यांनी दुसरा माणूस घेतला. वाईट वाटलं, पण तीन दिवसच.

शेठकडे पगार सोडून दुसरं मागून बघितलं. रात्रीचे फोन आठवड्याआड भाच्याने घ्यावेत असं म्हटलं. शेठ हसले आणि म्हणाले, त्याला कुठे जमतंय. भाचा समोरच बसला होता. त्या एका वाक्यात माझं उत्तर मिळालं, कारण शेठ खरंच बोलत होते. मी जोवर तिथे आहे तोवर त्याला जमणार नाही.

रीफर भाऊंबरोबर सावद्याला दोन ठिकाणी जाऊन आलो. एकांनी २७,००० सांगितलेत, पीएफसकट. गावाहून पोहोचायला अर्धा तास, पण बायकोची शाळा आणि मुलगा जळगावात, म्हणजे मी रोज ये-जा करायची की आठवड्याचे काही दिवस गावी राहायचं, हे ठरायचंय. वडील मी गावी राहणार या कल्पनेनेच खूश आहेत, तेवढ्यावर निर्णय होत नाही हेही कळतं. जवळपास 'हो' म्हणालोय, एप्रिलच्या शेवटी रुजू व्हायचं. इथला नोटीस पीरियड एक महिन्याचा आहे. राजीनामा कधी देऊ?

हिशेबनीस_भुसावळ | २ फेब्रुवारी

आधी नेमणूकपत्र हातात घे, मग राजीनामा. कामाचा शेवटचा दिवस १० एप्रिलच्या पुढे पडला पाहिजे, काठावर नको, २० धर. म्हणजे राजीनामा २० मार्चच्या सुमारास. ईमेलवर दे, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख लिही, पोच घे. ते 'उद्यापासून येऊ नका' म्हणाले तर तेही लेखी माग. शिल्लक रजांचा हिशेब, ग्रॅच्युइटीचा अर्ज, रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६. मार्चच्या आत तोंडातून चकार शब्द काढू नको, भाच्याजवळ तर नाहीच.

तापीकाठची | २ फेब्रुवारी

आणि वहिनींच्या शाळेची सुट्टी एप्रिलअखेर लागते. ये-जा करायची की नाही ते मेमध्ये करून बघा, जूनच्या आत ठरवा. पोराच्या शाळेला हात लावू नका एवढ्यात.

केळीवाला_रावेर | ३ फेब्रुवारी

अभिनंदन, पण एक विचारून घे. पॅकहाऊसला वर्षभर सारखं काम नसतं. कंटेनर निघत नाहीत त्या महिन्यांत पगार पूर्ण देणार की हजेरीवर? आमच्या गावातल्या एकाला पावसाळ्यात अर्ध्यावर आणलं होतं.

रीफर | ३ फेब्रुवारी

आमच्याकडे ऑफिसवाल्यांना पूर्ण मिळतो. तुम्ही बोललात त्या दुसऱ्या ठिकाणचं मला ठाऊक नाही.

कांदेबाग | ३ फेब्रुवारी

२७,००० दुसऱ्याच ठिकाणचे आहेत. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करून विचारतो, आणि नेमणूकपत्रात घाला म्हणतो.